मयुरीचा दाखला

मयुरीला जळगावला आणा, हा आग्रह ज्योत्स्नानंच धरला होता. दहावीला पुतणीला चौऱ्याण्णव टक्के पडले आणि मोठे दीर नवलभाऊ तिला यावललाच अकरावीला घालायला निघाले, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्या तेजसबरोबर राहील की. एकाला शिकवायचं तिथं दोघांना शिकवीन." भावासाठी आपल्या हातून काही होतंय म्हणून हितेंद्र खूश झाला. जूनमध्ये मोठी जाऊ कोकिळा मुलीची बॅग आणि केळीचा घड घेऊन आली. निघताना तिनं मयुरीचा हात ज्योत्स्नाच्या हातात दिला.

"मले तं यातलं काही समजत नही, ज्योत्स्ना. आता तूच तिची माय."

ज्योत्स्ना धुळ्याची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, वर्गात पहिली. एम.एस्सी.साठी पुण्याचा फॉर्म भरला होता, त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. ती गोष्ट ती कुणाजवळ काढत नसे. लग्नानंतर तिनं शिकवण्या घेतल्या, तेजस झाल्यावर त्याही सोडल्या. तेजस मोठा शास्त्रज्ञ होणार हे तिनं तो तिसरीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

पहिलं वर्ष छान गेलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती दोघांना घेऊन बसायची. तेजस अर्ध्या तासात तीनदा पाणी प्यायला उठायचा. मयुरी उठायची नाही. एकदा प्रयोगवहीतून डोकं वर काढून तिनं विचारलं, "काकू, परमँगनेटचा जांभळा रंग जातो म्हणजे नेमका जातो कुठे?" ज्योत्स्नाला इतका आनंद झाला की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरणाचा गाळ झाला. वीस वर्षांत तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बारावीच्या पहिल्या चाचणीनंतर मात्र त्याच प्रश्नांचा तिला त्रास व्हायला लागला. मयुरी वर्गात पहिली आली होती, तेजस सतरावा. क्लासचे सर ज्योत्स्नाला म्हणाले, "तुमची पुतणी कुठल्या कुठे जाईल, वहिनी." तेजसबद्दल ते म्हणाले, "मुलगा गुणी आहे." गुणी हा शब्द घरी येईपर्यंत तिला टोचत राहिला.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. पंख्याखालची खुर्ची तेजसची झाली. भिजवलेले बदाम आधी दोन वाट्यांत जायचे. आता तेजसची वाटी त्याच्या खोलीत जाऊ लागली आणि मयुरीला "अगं, संपले बहुतेक," असं सांगितलं जाऊ लागलं. मयुरी "असू द्या ना काकू" म्हणायची आणि ते तिच्या मनातही राहायचं नाही. तेच ज्योत्स्नाला सहन व्हायचं नाही. पोरगी दहाला झोपायची, पाचला आपोआप उठायची, आणि तेजसच्या दारावर रोज तीन वेळा थाप मारावी लागायची. आपण इतकं झिजतो आणि कोकिळाअक्का तिकडे केळीच्या बागेत उभी राहते, तरी हिचं सगळं कसं सरळ होतं? कधी भाजी चिरता चिरता तिला वाटायचं, देवानं दोघांच्या नशिबाची पाकिटं बदलली असावीत.

विज्ञान संशोधनाच्या सरकारी संस्थांची, म्हणजे आयसरची, प्रवेशपरीक्षा दोघंही देणार होते. तेजसला ती द्यायची होती की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही अर्ज ज्योत्स्नानंच भरले. प्रवेशाला ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागायचं, आणि ते राज्याच्या नमुन्यातलं नाही तर केंद्राच्या नमुन्यातलं, तेही यंदाच्या एक एप्रिलनंतर काढलेलं. नियमावलीत ती ओळ तिनं पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. एप्रिलमध्ये तेजसला घेऊन ती सेतू केंद्रात उभी राहिली. "केंद्राचंच देताय ना?" असं तिनं खिडकीतल्या बाईला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तेजस ओशाळून म्हणाला, "आई, पुरे ना."

मयुरीची कागदपत्रं गावाहून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आली. ज्योत्स्नानं ती तपासली. प्रमाणपत्र मागच्या वर्षीचं होतं, राज्याच्या नमुन्यातलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि फोल्डरमध्ये परत ठेवलं. निकाल तर लागू दे, तिनं स्वतःला सांगितलं, आत्तापासून कशाला सगळ्यांना पळवायचं.

परीक्षेला केंद्र धुळ्याचं मिळालं. मे महिन्याच्या शेवटी, अंगाची लाही होत असताना, ती दोघांना घेऊन सकाळच्या एसटीनं निघाली. पेपर सुटेपर्यंत ती एका लिंबाच्या झाडाखाली इतर आईबापांबरोबर बसून राहिली. आधी तेजस बाहेर आला. तिच्याकडे न बघता त्यानं बाटलीतलं सगळं पाणी संपवलं. मागून मयुरी जवळजवळ धावतच आली.

"काकू, तुम्ही शिकवलेलं आलं होतं! परमँगनेटचं! मी डोळे मिटले तर तुमचाच आवाज ऐकू आला."

"तेजस, तुलाही आलं असेल ना ते?" ज्योत्स्नानं विचारलं.

"आलं होतं," तेजस म्हणाला. एवढंच.

परतीच्या एसटीत मयुरीला झोप लागली आणि तिचं डोकं ज्योत्स्नाच्या खांद्यावर आलं. पारोळ्यापर्यंत ज्योत्स्नाला तो खांदा काढून घ्यावासा वाटत होता. तिनं तो काढला नाही, पण मयुरीच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

निकाल लागला. मयुरीला इतका वरचा क्रमांक मिळाला की ओबीसी यादीतून तिला पुणं मिळणार हे उघड होतं. तेजसचं नाव फार खाली होतं. हितेंद्रनं गावाला फोन लावला आणि तो ओरडूनच बोलला, "नवलभाऊ, आपल्या घराण्यातली पहिली!"

"आपल्या घराण्यात तेजसही आहे," फोन ठेवल्यावर ज्योत्स्ना म्हणाली.

"त्याचंही होईल गं कुठेतरी," असं म्हणून हितेंद्र पेढे आणायला गेला.

कुठेतरी. ती ओट्याला टेकून उभी राहिली. 

दोन दिवसांनी कागदपत्रं अपलोड करायची होती. ज्योत्स्ना पोळ्या लाटत होती. मयुरी फोल्डर घेऊन दारात आली.

"काकू, ओबीसीचं हेच चालेल ना?"

ज्योत्स्नानं मान वर केली. मागच्या वर्षीची तारीख तिला तिथूनही दिसत होती.

"चालेल," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

मंगळवारी दुपारी मयुरीला मेल आला. प्रमाणपत्र नाकारलं होतं. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत योग्य नमुन्यातलं दिलं नाही, तर तिचा विचार खुल्या प्रवर्गातून होणार होता, आणि तिथं तिला जागा मिळणार नव्हती. मयुरी जमिनीवरच बसली.

"मीच नीट वाचलं नाही, काकू. तुम्ही दोघांचं किती बघणार? माझंच चुकलं."

 ज्योत्स्ना स्वयंपाकघरात गेली. तेजस मागोमाग आला. त्याच्या हातात त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र होतं. ते त्यानं ओट्यावर तिच्यासमोर ठेवलं.

"आई, तुला माहीत होतं."

"अरे, गडबडीत माझ्या लक्षातच..."

"तीनदा विचारलं होतंस तू त्या बाईला. मी शेजारी उभा होतो." तो हळू बोलत होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "हे माझ्यासाठी केलंस असं म्हणू नको. मला केमिस्ट्री कधीच आवडली नाही, आई. आवडायची ती तुला."

मयुरीचा नवा दाखला काढायला तो यावलला जायला निघाला. ज्योत्स्नानं त्याच्या पाठीवरची सॅक धरली.

"तुला त्यातलं काही जमायचं नाही. मी जाते."

त्यानं सॅक सोडवून घेतली. "जा," तो म्हणाला. त्याच्या नजरेला नजर देणं तिला जमलं नाही.

बुधवारी सकाळी ती मयुरीला घेऊन यावलला उतरली. कोकिळा तहसीलच्या फाटकाशी उभी होती. बागेत केळीची कापणी चालू होती, गाडी भरायची होती, ते सगळं नवलभाऊंवर टाकून ती आली होती. नवऱ्याचा शाळेचा दाखला, उत्पन्नाचे कागद, रेशनकार्ड, घरात सापडलं ते सगळं तिनं गाठोडं बांधून आणलं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, रांगेप्रमाणे आठ दिवस लागतील. ज्योत्स्नानं मेलचा कागद पुढे केला, तारखेवर बोट ठेवलं, आत जाऊन साहेबांना भेटली. प्रतिज्ञापत्र झालं, तलाठ्याची सही झाली. प्रांतसाहेबांची सही फैजपूरला होती, तेव्हा गुरुवारी तिघी फैजपूरला गेल्या. कागद आत गेला. साहेब दौऱ्यावरून चार वाजता येणार होते. कुठला कागद कुठे लागतो हे ज्योत्स्नाला पाठ होतं, आणि तिच्यामागून फिरताना कोकिळा कौतुकानं बघत होती.

मयुरी झेरॉक्स काढायला गेली. दोघी जावा कार्यालयाच्या ओट्यावर बसल्या. कोकिळानं फडक्यातून ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी भाकरी ज्योत्स्नाच्या हातावर ठेवली.

"तू नसती तं माह्या पोरीचं काय झालं असतं, व माय."

ज्योत्स्नाच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"अक्का, तो दाखला चालणार नाही हे मला एप्रिलपासून माहीत होतं. मयुरीनं विचारलं तेव्हा मी चालेल म्हटलं."

कोकिळाला आधी कळलंच नाही. "म्हंजे?"

"म्हणजे मुद्दाम."

कोकिळा चावायची थांबली.  तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. गाठ दोनदा चुकली.

"दोन वर्सं पोरगी फोनवर नुसती काकू काकू करे," ती म्हणाली. "काकूनं हे शिकवलं, काकू असं म्हने. मी बागेत एकटी बसून रडे. मले बी तुहा हेवा वाटे, ज्योत्स्ना. पन मी तुह्या अन्नात माती नही कालवली."

ज्योत्स्नाला रडू फुटलं. कोकिळानं तिला जवळ घेतलं नाही.

"डोये पूस. पोरगी येऊन ऱ्हायली," ती म्हणाली. "अन् तिले सांगू नको. तुह्यासाठी नही म्हनत. ती तुले देवावानी मानते, तिचं मन काहाले मोडू?"

सव्वाचारला साहेबांची सही झाली. फैजपूरमधल्याच एका सायबर कॅफेत ज्योत्स्नानं स्वतःच्या हातानं ते प्रमाणपत्र चढवलं. मयुरीनं तिच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा कोकिळा रस्त्याकडे बघत उभी होती.

मयुरीला पुणं मिळालं. तेजसनं अभियांत्रिकीचा अर्ज स्वतः भरला, पसंतीक्रमही स्वतःच लावला, आणि तो धुळ्याच्या एका कॉलेजात गेला. वडिलांना त्यानं काही सांगितलं नाही. पण आठवड्यातून एकदा त्याचा फोन यायचा तो हितेंद्रला. "आईला देऊ का?" असं हितेंद्र विचारायचा, आणि मग ज्योत्स्नाला जेवलास का, कपडे वाळतात का, एवढंच विचारता यायचं.

मयुरी मात्र दर रविवारी ज्योत्स्नाला फोन करायची. प्रयोगशाळेत काय काय आहे, मॅडम कशा आहेत, काय फुटलं, काय जमलं. ज्योत्स्ना खोदून खोदून विचारायची. फोन ठेवला की तासभर तिचं कशात मन लागायचं नाही. तेजसला तिथं कधी जायचंच नव्हतं, हे आता तिला पक्कं कळलं होतं. तरी ते टोचणं गेलं नव्हतं. आता निदान ते तेजससाठी नसून स्वतःसाठीच आहे, याबद्दल तिची फसगत होत नव्हती.

दिवाळीच्या आधी मयुरीनं दोघींना पुण्याला बोलावलं. कोकिळानं चार महिन्यांनी पहिल्यांदा फोन केला. "मले गाडीतलं समजत नही. तू चाल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. भुसावळपासून पुण्यापर्यंत दोघी शेजारी बसल्या. कोकिळानं तिला खिडकीजवळची जागा दिली, पण बोलणं चहापाण्यापुरतंच झालं.

वसतिगृहाच्या फाटकात मयुरी उभी होती. आईला बघताच ती धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींना सोडेनात. ज्योत्स्ना फराळाची पिशवी हातात धरून चार पावलं मागे उभी होती. आत ते ओळखीचं टोचणं पुन्हा सुरू झालं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि आपली पाळी येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.