चिकटपट्टीखालचं बटण

मुलांनो, पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशेजारचं एक गोल बटण डोळ्यांसमोर आणा. दादानं ते संगणकातल्या वाद्याशी जोडलं होतं. फिरवलं की दबलेला सूर खुलायचा. तालमीत धाकट्या ठकीनं ते फिरवलं आणि सूर किंचाळलाच. बटण होतं वर फिरवलेलं, संगणकातला त्याचा आकडा मात्र खाली. हात लागताच आकड्यानं थेट बटणाच्या जागेवर उडी मारली. दादानं बटणावर चिकटपट्टी लावली.

“कार्यक्रमात हात लावशील तर याद राख!”

“चूक कळलीय मला. वाजवण्याआधी आवाज न करता एकदा फिरवलं, की बटणाचं नि आकड्याचं जुळतं.”

“मोठी आली शहाणी! तू नुसत्या पट्ट्या दाब.”

रंगमंचावर दिवे लागले. ठकीनं दादाच्या नजरेला नजर दिली, सगळ्यांदेखत चिकटपट्टी टर्रकन ओढली, आवाज न करता बटण आकड्याइतकं खाली आणलं आणि मग वाजवता वाजवता सूर हळूहळू खुलवत नेला.