चार सूत कागद

"काका, पिशवी आत नाही नेता येणार. त्या कपाटात ठेवा आणि हा बिल्ला घ्या," काउंटरवरची मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली.

खळकाकांनी पिशवी पोटाशी धरली होती, ती काही सुटेना.

"ठेवा की हो," बायको म्हणाली. "काय सोनंनाणं भरलंय तिच्यात? पाण्याची बाटली नि टोपी!"

बाटली आणि टोपी होतीच. पण त्यांच्याखाली एक खाकी पाकीट होतं, आणि ते बायकोला ठाऊक नव्हतं. ती पैलतीरावरच्या जुन्या गावाचा मोठा फोटो बघायला वळली, तेवढ्यात काकांनी पाकीट काढून शर्टाच्या आत सरकवलं. मग पिशवी कपाटात ठेवली.

गावच्या वाचनालयात बाइंडर म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. हाताला कायम कणकेच्या खळीचा वास. वाचनालयात येणाऱ्या पोरांनी त्यांना खळकाका म्हणायला सुरुवात केली आणि निवृत्तीच्या समारंभात अध्यक्षांनीही तेच नाव घेतलं. आता मुलीकडे शहरात चार दिवस राहायला आले होते. पहिल्या दिवशी ते हट्टानं शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात गेले, आणि तिथं एकही पुस्तक न उघडता तासभर नुसत्या पुस्तकांच्या पाठींवरून अंगठा फिरवत राहिले.

"लोक शहरात येऊन शहर बघतात," बायकोनं मुलीला सांगितलं, "तुझे बाबा पुस्तकांच्या पाठी खाजवतात."

दुसऱ्या दिवशी या वारसा केंद्राच्या फाटकापर्यंत येऊन ते परत फिरले होते. गुडघा दुखतोय म्हणाले. आज बायकोनंच पुढाकार घेतला. तीन मजली इमारत, आत म्हणे पंखे नाहीत तर गार हवा आहे. ती सोडायला ती तयार नव्हती.

पहिल्या दालनात जुनी वजनं-मापं होती, दुसऱ्यात घाटावरच्या नावा. तिसऱ्या दालनात काचेखाली एक वही उघडून ठेवलेली. काकांनी ती दारातूनच ओळखली. पाठीला गर्द हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं. कापड जरा विटलं होतं, पण कोपरा एकही उचकटला नव्हता. ते जवळ गेले नाहीत. दाराशी एक बाक होतं, त्याच्यावर बसले.

"गुडघा?" बायकोनं विचारलं.

"हं."

"बसा मग. मी बघून येते."

ती वही एका नावाड्याची होती. नदीवर पूल नव्हता त्या काळात तो सव्वीस वर्षं उतार चालवत होता, म्हणजे लोकांना नावेनं पलीकडे पोचवत होता. सरकारनं त्याला रोज पाणी मोजून लिहायचं काम दिलं होतं. त्यानं पाणी तर लिहिलंच, पण त्याच ओळीत, पानाच्या अगदी कडेपर्यंत बारीक अक्षरात, कोण आलं, कोण गेलं हेही लिहून ठेवलं. ती वही शिवायला आली तेव्हा काका पंचवीस वर्षांचे होते. नोकरी कच्ची, लग्नाला चार महिने झालेले. हेड बाइंडर रजेवर होते. काकांनी वही छान शिवली, दाबात ठेवली, आणि कडा सारख्या करायला कटिंग मशीनला लावली. दोन सूत, म्हणजे पाव इंच कापायचं होतं, चार सूत कापलं. पातं खाली आलं आणि कातरण मशीनच्या ताटात पडलं, तेव्हा त्यांनी पाहिलं की त्या कातरणावर अक्षरं आहेत.

उजव्या बाजूच्या पानांवरच्या कितीतरी ओळींचा शेवटचा शब्द गेला होता. आता शेवटचा शब्द गेला की राहतं काय? माणूस आला की गेला, जगला की मेला, सगळं त्या शेवटच्या शब्दात.

त्यांनी कातरण पडलं तसंच उचललं, वर-खाली होऊ न देता मधोमध दोरा बांधला आणि पाकिटात घातलं. ग्रंथपाल येतील तेव्हा सांगू, असं ठरवलं. ग्रंथपाल आले, हिरव्या कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! हेडच्या तोंडात मारलंस." त्याच आठवड्यात वही शहरात रवाना झाली. पुढच्या महिन्यात काकांची नोकरी पक्की झाली. सांगू सांगू म्हणता एकेचाळीस वर्षं गेली. पाकीट आधी वाचनालयातल्या खणात होतं, निवृत्तीनंतर घरी माळ्यावर आलं.

बायको परत आली. शेजारी बसली, पदरानं चष्मा पुसला.

"काय गं?"

"काही नाही. त्या वहीत एक बाई आहे. बाळंतपणात अडलेली. पूर आलेला, आणि जावेनं तिला कशीतरी नावेत घातली. पलीकडे डॉक्टर होता ना. तो लिहितो, बसताना दोघी होत्या, उतरताना… आणि पुढं पानच कापलेलं. खाली चिठ्ठी लावलीय, नोंद अपूर्ण." तिनं चष्मा लावला. "गेली असणार बिचारी. पण कळायला तर हवं होतं. कुणी कापलं असेल हो असं?"

काका उठले.

"चाललात कुठं? तिकडं ‘प्रवेश नाही’ लिहिलंय!"

पण काका पोचलेसुद्धा होते. दार त्यांनी वाजवलं आणि उघडेपर्यंत वाजवतच राहिले.

जुने कागद जतन करण्याचं काम त्या खोलीत चालायचं. पस्तिशीची एक बाई पांढरा कोट घालून बाहेर आली. कपाळावर भिंग सरकवलेलं. "काका, हे ऑफिस नाहीये. काही हवंय का?"

"बाहेर ती नावाड्याची वही आहे," काका म्हणाले. "ती मी कापली."

बाईंना आधी नीट ऐकू आलं नसावं. काकांनी पाकीट पुढं केलं. "माझ्या हातून चार सूत कापलं गेलं. कुणाला बोललो नाही. याच्यात कातरण आहे. तुम्हाला काय कारवाई करायची ती करा. हिचा याच्याशी संबंध नाही, हिला काही माहीत नाही."

मागं बायको उभी होती. तिनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला.

बाईंनी दोघांना आत बसवलं. टेबलावर पांढरा कागद अंथरला, पाकीट उघडलं आणि कातरणाचा तो गठ्ठा बाहेर काढला. दोरा पिवळा पडला होता. बाईंनी गठ्ठा कडेनं न्याहाळला.

"हा दोरा कधी बांधला?"

"त्याच दिवशी. मशीनवरून उचललं नि बांधलं."

"मधे कधी सोडला?"

"कधीच नाही. सोडला असता तर क्रम मोडला असता."

बाई खुर्चीत मागं टेकल्या. "काका, मी सहा वर्षं या वहीवर काम करतेय. लोक येतात, आजोबा-पणजोबा शोधत. नाव सापडतं आणि पुढचा शब्द नसतो. मला वाटायचं, कापलेलं त्याच दिवशी केरात गेलं. आणि तुम्ही पानाच्या क्रमानं बांधून ठेवलंत?"

"रागावला नाहीत?"

"रागावेन की. नंतर. आधी वही आणू द्या."

वही टेबलावर आली. काकांना आपल्या हातची शिवण दिसली, एकेचाळीस वर्षांनी, आणि ती अजून घट्ट होती. बाईंनी चिमट्यानं एकेक पट्टी उलटत मोजायला सुरुवात केली. काकाही मनात मोजत होते. एकशे बाराव्या पट्टीवर बाई थांबल्या, तिच्या कडेवरचा शाईचा डाग पाहिला, मग पानाच्या कडेवरचा. पट्टी पानाला लावून धरली. मग भिंग डोळ्यावर ओढलं. उगाच वेळ लावतायत असं काकांना वाटलं.

"काय आहे हो?" बायकोला राहवेना.

"तुम्हीच वाचा, काकू."

बायको वाकली. बोट न टेकवता, शाळेतल्यासारखं एकेक शब्द जोडत वाचू लागली. "पाणी साडेअकरा हात. मध्यावर ओढ फार. बसताना दोघी होत्या, उतरताना…" ती अडखळली. भिंग मागून घेतलं आणि पुन्हा पाहिलं.

"तिघी," ती म्हणाली. "अहो, तिघी! मुलगी झाली तिला. नावेतच!"

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे टिपले. बायको तर एखाद्या नात्यातल्या बाळंतिणीची खबर आल्यासारखी टाळ्या पिटत होती. काका मात्र टेबलाची कड धरून बसून राहिले. त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला. तो हुंदका होता की सुस्कारा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नंतर कामाचं बोलणं झालं. पट्ट्या चिकटवायला किमान चार महिने लागतील, बाई म्हणाल्या. काकांनी विचारलं, कशानं चिकटवणार? खळीनंच, बाईंनी सांगितलं. काकांनी मान हलवली. "खळ पातळ करा. ताकापेक्षा पातळ. आणि एका वेळी पाचच पट्ट्या, जास्त घेतल्यात तर पानं ओढ घेतील." बाईंनी ते आपल्या डायरीत टिपून घेतलं आणि खाली काकांचा फोन नंबरही लिहून घेतला.

बाहेर अंगणात झाडाखाली दोघं बसली. ऊन उतरलं होतं. बायकोनं पिशवीतून बाटली काढून त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "लग्नाला चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट ही."

"हो."

"मला सांगायचं तरी."

"तुला वाटलं असतं, कसल्या माणसाशी लग्न केलं."

"ते तर मला तसंही वाटायचं," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे न बघता त्यांच्या शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावलं.

काकांच्या पापण्या जड झाल्या. दिवसा कधी न झोपणारा हा माणूस बसल्या बसल्या तिच्या खांद्यावर कलला आणि तोंड उघडं टाकून घोरू लागला. येणारे-जाणारे बघत होते. एका बाईनं तर थांबून विचारलं, "बरं आहे ना त्यांना?"

"बरं आहे," तिनं हलक्या आवाजात सांगितलं. "झोपलेत."

तिच्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या. ऊन फांदीतून सरकत त्यांच्या चेहऱ्यावर आलं, तेव्हा तिनं मोकळा हात उचलून त्यांच्या डोळ्यांवर आडवा धरला आणि तसाच धरून ठेवला.