माझ्या अंगावरचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. मी समुद्र पाहिलेला नाही. मी नांदुऱ्याचा, आणि इथून समुद्र इतका दूर आहे की त्याचा वारासुद्धा वाटेतच कोरडा होतो. तरीही एक समुद्र माझ्या अंगावर होता. निळ्या ऑइलपेंटचा, पांढऱ्या लाटांचा, पोटावर शिडाचे जहाज काढलेला. तो कसा आला आणि कसा गेला ते सांगतो. ऐकताना हसू आले तर खुशाल हसा. त्याची लायकी तेवढीच होती.

ज्ञानगंगेच्या काठच्या मातीतून कडूबा कुंभारांनी मला घडवले. मातीत त्यांनी राख आणि चाळलेली घोड्याची लीद मळली. आव्यात मी भाजला गेलो तेव्हा लीद जळून गेली आणि तिच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहिली. माझे सगळे मोल त्या छिद्रांत आहे. पोटातले पाणी त्यांतून थोडे थोडे बाहेर झिरपते. बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्याकडून घेते. म्हणून मागे राहिलेले पाणी गार होते. यात जादू नाही. हवा कोरडी हवी आणि माझे अंग उघडे हवे, एवढेच.

महाराष्ट्र राज्य झाले त्या उन्हाळ्यात नारायणरावांनी मला विकत आणले. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचे चहाचे हॉटेल होते. दोन लाकडी बाकडी, एक भट्टी, भज्यांची कढई आणि दारापुढे ओल्या वाळूत बसवलेला मी. तहान लागेल त्याने थांबून प्यावे, अशी नारायणरावांची रीत होती. चहा घेतलाच पाहिजे असे नव्हते. सरकी-कापसाच्या गाड्या घेऊन बाजारात आलेले गाडीवान आधी माझ्याकडे येत आणि मग भट्टीकडे वळत.

मला भरण्याचे काम मनकर्णाबाईंकडे होते. आमच्या भागात विहीर खणली की बहुधा खारे पाणी लागते. नारायणरावांच्या परसातल्या विहिरीचे पाणीही तसेच, भांडी घासण्यापुरते. पिण्याचे पाणी नदीपलीकडच्या गोड्या विहिरीवरून आणावे लागे. मनकर्णाबाई पहाटे दोन घागरी डोक्यावर घेऊन खेपा करीत, आणि ऊन चढण्याआधी मी गळ्यापर्यंत भरलेला असे. नारायणरावांचा मुलगा इंद्रभान त्यांना मावशी म्हणे. लहानपणी तो खेळून आला की त्या त्याच्या ओंजळीत ओगराळ्याने पाणी ओतत आणि उरलेले त्याच्या डोक्यावर.

तो इंद्रभान मोठा झाला आणि मुंबईला गेला. समुद्रकाठच्या एका नव्या रेस्टॉरंटमध्ये त्याला काही महिने काम मिळाले. परत आला तो टेरिलिनचा शर्ट घालून आणि तोंडात एकच विषय घेऊन.

"तिथी पानी मांगा लागत नाही," तो बाकड्यावर बसून गाडीवानांना सांगे. "काचेच्या गिलासात बरफ टाकून येते. दरवाजा उघडाले येगळा मानूस. अन् आत दिवसाही अंधार करून ठेवतेत."

"दिवसा अंधार?" गुलाबराव नावाचे एक गाडीवान होते, त्यांनी विचारले. "काय खाऊन राह्यलो ते दिसू नये म्हून का बे?"

"तुमाले नाही समजायचं, काका. दारूची खोली तं अजून येगळी असते. सरकारचा कागद दाखवा लागते, मंगच भेटते."

"हे उलटंच हाये गड्या. आपल्याकडं आधी पेते, अन् मंग पोलीस कागद करते."

सगळे हसले. इंद्रभान हसला नाही. त्याला फेसाच्या कॉफीबद्दल, गवताच्या काडीने ओढून प्यायच्या सरबताबद्दल आणि समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्यांबद्दल अजून बरेच सांगायचे होते. तो रोज सांगत राहिला. मी दारातच असल्यामुळे मला सगळे ऐकावे लागले. त्यातून मला एवढे कळले की त्या जागा भूक लागलेल्यांसाठी नसतात. माणसे तिथे बसतात ती बसलेली दिसावीत म्हणून. एक जागा जुनी झाली की तीच माणसे शेजारच्या नव्या जागेत जाऊन बसतात. अशा जागेचे कौतुक करायला अर्धपोटी माणूस लागतो किंवा रिकामा. इंद्रभान दोन्ही होता.

बर्फाचा तर मला रागही आला नाही. समुद्रकाठी हवेतच इतके पाणी असते की माझ्यासारख्याच्या अंगावरचे पाणी नीट सुकत नाही. तिथल्यांना बर्फ विकत घ्यावा लागतो, त्याला त्यांचा इलाज नाही. आमच्याकडची कोरडी हवा तेच काम फुकट करते. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीला इंद्रभानच्या लेखी किंमत नव्हती.

त्या वर्षी नारायणराव गुडघेदुखीने घरी बसले आणि गल्ला मुलाकडे आला. महिनाभरात बाकडी गेली. लोखंडी खुर्च्या आल्या. दारावर पाटी लागली, "कॅफे सागरतरंग". अकोल्याहून एक रंगारी आला आणि त्याने आतल्या भिंतीवर समुद्र काढला. त्यालाही समुद्र माहीत नव्हता. त्याने लाटांवर कमळे काढली.

"समुद्रात कमळं असतेत का बे?" गुलाबरावांनी विचारले.

"गिऱ्हाइकाले काय समजते?" इंद्रभान म्हणाला.

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. अशा साऱ्या कॅफेंचे दुकान याच वाक्यावर चालते.

डब्यात निळा रंग उरला होता. हिवाळ्यात मला रिकामे करून बाजूला ठेवले होते, त्यामुळे मी पुरता कोरडा होतो. "दाराशी हे मातीचं ध्यान बरं दिसत नाही," इंद्रभान म्हणाला, आणि रंगाऱ्याने मला तळापासून गळ्यापर्यंत रंगवले. एक हात सुकल्यावर दुसरा हात दिला. नंतर लाटा, नंतर जहाज. माझे एकूण एक छिद्र त्या रंगाखाली बुजले. मी एक चकाकणारा, गुळगुळीत, निरुपयोगी डबा झालो. बसमधून उतरणारे लोक थांबून माझ्याकडे पाहत. जन्मात माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते, आणि कौतुक करणाऱ्यांची मला इतकी कीवही कधी आली नव्हती.

चैत्र लागला. मनकर्णाबाईंनी मला नेहमीसारखे पहाटे भरले. दुपारी तालुक्याहून काही बडी मंडळी आली. बर्फ अकोल्याहून यायचा होता तो वाटेतच वितळला होता, म्हणून त्यांना माझे पाणी दिले. पाणी कोमट होते. त्यांतला एक जण घोट घेऊन तिथेच थुंकला.

इंद्रभान दारात आला. मनकर्णाबाई घागरी उपड्या घालून सावलीला बसल्या होत्या. समोर गाडीवान होते, गुलाबराव होते.

"ए बाई, कुठून आनून राह्यली तू पानी?"

बाई म्हटलेले ऐकून मनकर्णाबाईंनी आधी मागे वळून पाहिले. दुसऱ्या कुणाला म्हणाला असेल असे त्यांना वाटले.

"गोड्या विहिरीचं. रोजच्यासारखं."

"गोड्या विहिरीचं पानी असं तापलेलं राह्यते? खरं सांग. स्टेशनच्या लोखंडी टाकीतून भरते ना तू? चालाचं जिवावर आलं अन् टाकीतून भरते."

"म्या खोटं काऊन बोलू रे बाबू? सूर्य उगवाच्या आत भरला म्या."

"मंग पानी काय मंतर टाकून तापलं?"

कुणीतरी हसले. मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी घागरी एकात एक घातल्या. "म्या आजलोक कोनाले टाकीचं पानी पाजलं नाही," एवढेच त्या म्हणाल्या आणि निघाल्या. रोजचे काम त्या तिथेच सोडून चालल्या होत्या, पण त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पाण्यात लबाडी केली असे चारचौघांत म्हटले गेले होते, ते त्या डोक्यावर घेऊन गेल्या. मला बोलता आले असते तर मी दोन शब्दांत उलगडा केला असता. पण माझे तोंड फक्त पाणी भरण्यासाठी केलेले आहे.

दुसऱ्या दिवशी इंद्रभान स्वतः सायकलला पिंप बांधून गोड्या विहिरीवर गेला. पहाटे मला भरले आणि दुपारी स्वतः ओगराळे बुडवून प्याला. पाणी कोमट. त्याने माझ्या पोटावर, बरोबर जहाजावर, हात ठेवला. मी तापलेलो होतो. पूर्वी मी नेहमी ओला आणि गार असे, हे त्याच्या लहानपणच्या हातांना ठाऊक होते. त्याला कळले, मित्रांनो. कळले आणि तो गप्प बसला. न कळणाऱ्याला मी माफ करतो. कळून खुर्च्या पुसत बसणाऱ्यासाठी माझ्याकडे फक्त तिरस्कार होता.

सायकलच्या खेपा त्याने आठवडाभर केल्या. पुढे कंटाळा आला, आणि तो मला परसातल्या विहिरीतून भरू लागला. कॉफी खारट लागू लागली. "आता खरा समुद्र आला बे तुह्या कॅफेत," गुलाबराव म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. पावसाळा सरेपर्यंत पाटी उतरली. नारायणराव गुडघे धरत परत भट्टीशी बसले, आणि मला परसात टाकून दिले.

उन्हात माझ्या अंगातले पाणी सुकले, पण त्यात विरघळलेले मीठ आतच राहिले. रंगाच्या मागे त्याचे बारीक स्फटिक धरले. ते वाढत गेले आणि त्यांनी रंगाचे पापुद्रे उचलले. आधी लाटा सुटल्या, मग जहाज. परसातल्या साध्या मिठाने अकोल्याचा समुद्र सोलून काढला.

एके दिवशी मनकर्णाबाई नारायणरावांकडे आल्या. "दादा, थो रांजन टाकूनच देल्ला असन तं मले द्या."

नारायणरावांनी मान खाली घालून हो म्हटले. बाईंनी मला बाजाराच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली बसवले. विटेच्या तुकड्याने उरलेला रंग खरवडला. गोडे पाणी भरावे, मुरू द्यावे, ओतून द्यावे, पुन्हा भरावे, असे करत माझ्या भिंतीतले मीठ त्यांनी हळूहळू बाहेर काढले. उन्हाळ्यापर्यंत माझे अंग पुन्हा पाझरू लागले. पूर्वीइतके नाही. काही छिद्रे कायमची गेली. पण गाडीवान पुन्हा माझ्याकडे आधी येऊ लागले.

एका दुपारी स्टेशनकडून इंद्रभान आला. घामाघूम होता. गाडीवान बसले होते, त्यांत गुलाबरावही होते. त्याने ओंजळ पुढे केली. मनकर्णाबाईंनी ओगराळे भरले, पण ओतले नाही.

"कुठलं पानी हाये हे?"

तो खाली पाहू लागला. "गोड्या विहिरीचं."

"अन् त्या दिवसचं?"

कुणी हसले नाही. इंद्रभानने माझ्याकडे पाहिले. जिथे जहाजाची डोलकाठी होती तिथे अजून निळी रेघ आहे, तिच्याकडे पाहिले.

"त्या दिवसचंही गोड्या विहिरीचंच होतं, मावशी. मले मालूम होतं."

मनकर्णाबाईंनी ओगराळे वाकडे केले. तो प्याला. ओगराळ्यात उरलेले पाणी त्यांनी क्षणभर त्याच्या डोक्यावर धरले, आणि परत माझ्यात ओतले.

मित्रांनो, एखादी वस्तू सुंदर करायला निघालात तर तिचे काम कुठून चालते ते आधी पाहा आणि तेवढी जागा उघडी ठेवा. आणि पाणी कधी गरम निघाले तर पहिला हात भांड्याला लावा. ज्याने ते आणले, त्याला मागून विचारा.