बोटीवरच्या माणसाचा रिवाज

अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात जामसंड्याच्या सुगंधाला मुंबईहून सरकारी पत्र आलं. तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरीच. ती देवगडच्या विकास गटात मुख्यसेविका होती. पंचवीस-तीस गावांतली महिला मंडळं, बालवाड्या, परसबागा तिच्या अंगावर. पत्रात होतं की गावोगाव पुढारपण करणाऱ्या कार्यकर्त्यांची दोन देशांत अदलाबदल व्हायची आहे. डेन्मार्कचे दोघे इकडे येणार, इकडचे दोघे तिकडे जाणार, आणि त्यात एक नाव सुगंधाचं. सहा महिने. बोटीचं भाडं, राहणं, जेवण, गरम कोट, सगळं सरकारी अनुदानातून.

सासूला तिनं ते पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि घडी करून फळीवर ठेवलं.

"मी नाय म्हणून कळवतंय," ती म्हणाली. "तुमचो खोकलो बघलास? सा म्हयने तुमका कोण बघतला?"

हौसाबाई पायाखाली धरलेल्या विळीवरून उठलीसुद्धा नाही. "सरकार बोट देता, कोट देता, आणि तू माझ्या खोकल्याचा निमित सांगतंस? शिरा पडो तुझ्या नायवर!"

घरात माणसं ही दोनच. सुगंधाचा नवरा परशुराम बोटीवर खलाशी होता. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच एडनच्या बंदरात तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणाले, पोरीला माहेरी धाडा. हौसाबाईनं तिला माहेरी नाही, शाळेत धाडलं. सातवी पुरी करून घेतली, मग सेविकेच्या शिक्षणाला पाठवलं, आणि पहिल्या पगाराचं लुगडं नेसून साऱ्या वाडीत फिरून आली. त्यामुळे सुगंधाला जगात परत यायला एकच दार होतं, आणि त्या दारात बसणारी ही एक म्हातारी.

आश्विनात बोटी सुरू झाल्या तशी ती देवगडहून मुंबईला आणि तिथून पुढे गेली.

डेन्मार्कात तिला काही कमी नव्हतं. शेतकऱ्यांच्या सहकारी दूध डेअऱ्या बघायच्या, प्रौढांच्या शाळांमध्ये बसायचं, सभा कशी चालवावी, गप्प बसणाऱ्या बाईला बोलती कशी करावी, ते शिकायचं. माणसं चांगली होती. पण दुपारी चारच्या आत काळोख व्हायचा आणि खिडकीबाहेर एक माणूस दिसायचं नाही. जेवताना सगळी हळू बोलायची, आणि ते बोलणंही तिला अर्धंच कळायचं. कुणी रागावून हाक मारील तर बरं, असं वाटायचं.

ती हाक पंधरा दिवसांनी पत्रातून यायची. हौसाबाईला अक्षर येत नव्हतं. शेजारचे भाई मास्तर ओटीवर बसून लिहून घ्यायचे, आणि म्हातारीची ताकीद होती की मास्तरकी नको, सांगते तसंच्या तसं लिहा. "माशे मिळतत की नुसतो पाव चघळतंस? कोट आंगात घाल, पेटयेत ठेवन त्याका काय पिल्लां होवची नायत. मथुरेच्या म्हशीन दूध आटवल्यान, तुझ्या त्या डेअरीवाल्यांका इचार." सुगंधा हे वाचून एकटीच हसायची, आणि मग दिवा मालवून बराच वेळ पडून राहायची.

पौषानंतरची पत्रं मवाळ आली. मी बरी आसंय. खोकलो कमी आसा. तू तब्येतीक जप. त्यात शिवी नव्हती, टोमणा नव्हता. सुगंधाला वाटलं, लांब गेल्यावर म्हातारीला आपली माया आली. तिनंही मग कधी तोंडानं बोलली नव्हती ते लिहिलं. लिहिलं की इथल्या म्हाताऱ्या बायका स्वच्छ खोल्यांत एकट्या बसलेल्या बघते तेव्हा तुमच्या खोकल्याचा आवाज ऐकायला जीव तुटतो.

फाल्गुनात मुंबईच्या कचेरीचं पत्र आलं. पुण्यात सेविकांना शिकवायचं नवं केंद्र निघत होतं. तिथं मुख्य शिक्षिकेची जागा तिला देऊ केली होती. महिन्याच्या आत होय की नाही ते कळवायचं. सुगंधानं त्याच दिवशी घरी लिहिलं: "माझं मन तिकडे ओढ घेतं. पण तुम्ही पुण्याला माझ्याबरोबर राहायला येणार असाल तरच. नाही तर मी घरी येते. तुम्ही म्हणाल तसं."

उत्तर आलं. "माका घर सोडवत नाय. तू घराक ये. मी वाट बघतंय."

तिनं पुण्याला नकार कळवला. वाईट वाटलं, पण कुणीतरी वाट बघतंय या शब्दांनी ते वाईट वाटणं झाकून टाकलं.

वैशाखात ती देवगडच्या धक्क्यावर उतरली. घरापाशी आली तर दारात शेजारीण मथुरा उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात वाटीत गुळाचा खडा. ओटीवर भाई मास्तर आणि वाडीतले दोघे पुरुष, माना खाली घालून.

सुगंधा अंगणातच थांबली.

खलाशांच्या घरांत हा रिवाज होता. बोटीवर असलेल्या माणसाला घरातलं मरण कळवायचं नाही. भर समुद्रात तो करणार काय? पत्रांतून सगळं खुशाल म्हणत राहायचं. तो दारात आला की आधी पायावर पाणी, मग गूळ आणि पाणी पोटात, आणि मगच बातमी. परशुराम एकदा असाच परत आला होता, बाप गेल्यावर पाच महिन्यांनी. तेव्हा त्याच्या पायावर पाणी सुगंधानंच ओतलं होतं. ते ओतताना त्याच्याकडे बघायचं नसतं, तेही तिला माहीत होतं.

मथुरा तिच्याकडे बघत नव्हती.

"कधी?" सुगंधानं विचारलं.

"आदी गूळ खा गो बाय."

"मथुरे, कधी?"

"पौषात. चार दिस ताप इलो, पाचव्या दिसा गेली. गूळ खा, तुका माजी शपथ."

तिनं गूळ खाल्ला. बाईमाणसासाठी हा रिवाज वाडीत पहिल्यांदाच पाळला होता. तिला खलाशासारखी मोठी मानली होती. मागून बायका तसं बोलूनही दाखवत होत्या, आणि त्यांना त्यात अभिमानच वाटत होता.

तिसऱ्या दिवशी माणसांची वर्दळ ओसरली तसे भाई मास्तर एकटेच आले. त्यांनी तिची पौषानंतरची पत्रं कागदात बांधून आणली होती. पुडकं ओटीवर ठेवून ते पायरीवर बसले.

"वाचल्याशिवाय जबाब कसो लिवतलंय?" ते म्हणाले. "म्हणान वाचलंय. दुसऱ्या कोणाक दाखवूक नाय."

"पुण्याचा पण तुमीच लिवलास."

"मीच."

"कित्या, मास्तर?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "येतंय म्हणान लिवला असता तर तू दोगींसाठी खोली बघलेली असतंस. येवचंय नाय, पण तू जा, असा लिवचा माका सुचूक नाय. तू लिवलेलंस, नायतर घराक येतंय. माका वाटला, तू घराक येवन मगच सगळा आयकशीत." मग ते म्हणाले, "आणि खरां सांगतंय, हयसरच्या बायकांकय तू होयी होतंस. ता पण मनात इला."

"सासूबायनी काय सांगितला असता?"

मास्तरांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. अंगणातल्या माडाची झावळी वाऱ्यानं भिंतीला घासत होती.

"तिना तुका शिव्यो दिल्यान असत्यो," ते म्हणाले. "माझ्या हाडांची राखण करूक सरकारान तुका थयसर धाडलेली काय, असा म्हणाली असती."

"व्हय," सुगंधा म्हणाली.

तिनं त्यांना चहा करून दिला. मास्तरांनी तो बशीत ओतून प्यायला, कपबशी स्वतः विसळून ठेवली, आणि ते गेले. पुण्याच्या जागेवर तोवर दुसऱ्या बाई रुजूही झाल्या होत्या.

ज्येष्ठ लागायच्या आत रत्नागिरीहून छापील फॉर्म आला. अनुदानावर परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकानं तो भरून द्यायचा होता. काय पाहिलं, काय शिकलात, गावात त्याचा काय उपयोग करणार. सुगंधानं ती उत्तरं नीट, सुवाच्य अक्षरात लिहिली. सभेत मागे बसणाऱ्या बाईला आधी विचारावं, असंही लिहिलं. शेवटचा रकाना होता: वरिष्ठ पद देऊ केले असता नाकारल्यास त्याचे कारण.

तिथं ती थांबली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली. मग लिहिलं, 'घरगुती', खाली सही केली, आणि कुणाला वाचून न दाखवता पाकीट बंद केलं.