चुन्याची रेषा

आपल्या गावचा फुटबॉल संघ तिसऱ्या गटात खेळतो आणि तिथेही तळाशी असतो, हे फरशीवाल्याने कामावर कधी लपवलं नव्हतं. नव्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर फरशा बसवताना, दर रविवारी जेवणाच्या सुट्टीत तो बादलीला टेकवून मोबाइल ठेवायचा आणि सामना लावायचा. तिकडे गावात मैदानासमोरच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाइलवर सामना थेट दाखवायचं, त्यामुळे सगळं मैदान वरून दिसायचं.

लपवली होती ती एकच गोष्ट. त्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारे म्हातारे त्याचे वडील, अण्णा होते. पहिल्याच रविवारी सोबतचा कारागीर, ज्याला सगळे चष्मा म्हणत, त्या रेषांना हसला होता. तेव्हापासून सांगायचं राहूनच गेलं.

अण्णांची नजर अधू झाली होती. सामना संपला की ते फोन करून एवढंच विचारायचे, "रेषा सरळ होत्या ना रे? तुला वरून दिसतं, मला नाही."

"एकदम सरळ," तो म्हणायचा. खरं बोललो तर त्यांच्या हातातली चुन्याची गाडी जाईल, असं तो स्वतःला समजवायचा.

आज बरोबरी झाली तरी संघ तिसऱ्या गटात टिकणार होता, आणि सामना बरोबरीतच होता. शेवटची मिनिटं उरली होती. पेनल्टी बॉक्सच्या उजव्या कोपऱ्याजवळ समोरच्यांचा खेळाडू गावच्या खेळाडूच्या पायात पाय अडकून पडला. नेमकी तिथेच रेषा पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. रेषेच्या आत पडला म्हणून पेनल्टी मिळाली. गोल झाला आणि लगेच सामना संपला.

"ही रेषा आहे की सापाची वाट?" चष्मा म्हणाला. "आपण अशी फरशी बसवली असती तर मिस्त्रींनी खिडकीतून खाली टाकलं असतं."

"खिडक्या अजून बसल्या नाहीत," मिस्त्री डब्यातून मान वर न करता म्हणाले. "तेवढंच सोपं."

सगळे हसले.

"पिऊन मारत असणार. ओळखतोस का रे त्याला?" चष्म्याने विचारलं.

"असेल कुणीतरी म्हातारा," फरशीवाला म्हणाला, आणि तोही हसला.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'अण्णा' दिसलं. त्याचे हात सिमेंटने भरलेले होते, म्हणून चष्म्याने मदत म्हणून स्पीकरचं बटण दाबलं. आवाज मोठाच होता.

"ऐकतोयस ना? इथे भांडण जुंपलंय. माझी रेषा सरळ होती ना रे?"

चष्म्याने हात मागे घेतला. मिस्त्रींनी डब्याचं झाकण आवाज न करता लावलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं फरशीवाल्याला वाटलं.

"नव्हती, अण्णा."

"किती?"

"वीतभर बाहेर. दोरी लावली नव्हतीत?"

"खुंट्या रोवायला वाकवत नाही. आणि तू गेल्यापासून दुसरं टोक धरायला कोण आहे? अंदाजानंच मारतो." आवाजात तक्रार नव्हती. "आणि मागच्या रविवारी?"

"तेव्हाही वाकडीच होती."

"तू तर सरळ म्हणालास."

"हो."

"तुझ्या भरवशावर होतो रे." पलीकडे गलका वाढला होता. "पोरं रेफरीच्या अंगावर धावताहेत. त्या बिचाऱ्याची काय चूक? जातो, रेषा माझी चुकली म्हणून सांगतो सगळ्यांना. तू जेवून घे."

फोन बंद झाला. चष्म्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, तो आणखीच धुरकट झाला.

"मला माहीत नव्हतं रे," तो म्हणाला.

"मला होतं ना."

सुट्टी संपली. पुढची रांग आखायची होती. मिस्त्रींनी दोरीचं एक टोक स्वतःकडे ठेवलं आणि दुसरं फरशीवाल्याकडे टाकलं. ते पायाशीच पडलं होतं, पण उचलायला त्याला बराच वेळ लागला.