तोबेईचा जुळा भाऊ

तोबेई श्रेष्ठ की इसामू, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, आणि तो मिटू नये अशीच माझी इच्छा आहे. दोघेही एका जपानी कार्टूनमधले तलवारबाज, हिंदी बोलणारे. आम्ही शाळेत असताना ते रोज संध्याकाळी टीव्हीवर लागायचं. इसामू शब्दाला जागणारा, तर तोबेई तापट, मित्रांवर रुसून निघून जाणारा. मी तोबेईची. आमच्या वर्गातला तेजस इसामूचा. आता तो अमळनेरला मोबाइलचं दुकान चालवतो, पण इसामूबद्दल कोणी वाकडं बोललं तर गिऱ्हाईक सोडून भांडायला बसतो.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. अर्धं गाव विजेच्या एका डीपीवर, अर्धं दुसऱ्या डीपीवर. ऐन कार्टूनच्या मध्यात आमच्या आळीची लाइट जायची आणि माझ्या वर्गातल्या सोनलच्या आळीत यायची. पळत तिच्याकडे जावं म्हटलं, तर आई मला गोठ्यात कंदील धरायला उभी करायची, कारण तीच धार काढायची वेळ. म्हणून पहिला अर्धा भाग मी पाहायचा, उरलेला सोनलने, आणि सकाळी शाळेच्या वाटेवर दोन्ही जोडायचे असं आमचं ठरलेलं होतं. सोनल सांगायची मात्र झकास. तिचा तोबेई रुसून गेला तरी रात्री लपून मित्रांवर पहारा द्यायचा. पुढच्या भागात मला काही भलतंच दिसलं, की ती शांतपणे म्हणायची, "तो तोबेई नही, त्याना जुया भाऊ शे." मला पटायचं.

शेवटचा भाग लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनलचं घर सुरतेला हललं. तिच्या वडिलांना तिथे कापडाच्या कारखान्यात काम मिळालं होतं. माझ्या अर्ध्या भागात तोबेई बर्फातल्या पुलावरून एकटा निघून गेला होता. मी एसटी स्टँडवर रडत उभी. खिडकीतून सोनल ओरडली, "मयुरी, तो परत उना."

तेवढ्यावर मी तेजसशी कितीतरी वर्षं भांडले. त्याने पुढे सगळे भाग इंटरनेटवर पाहिले होते. तो म्हणायचा, कुठला परत येतो? मी म्हणायचे, तू पाहिलेला भाग कापलेला आहे.

मी आता धुळ्याला शाळेत शिकवते. यंदा दिवाळीत पेपर तपासून कंटाळले आणि तो भाग स्वतःच लावला. तोबेई परत येत नाही. जुळा भाऊ तर नाहीच नाही. मला असा राग आला की जेवण गेलं नाही. ज्याच्यासाठी मी जन्मभर तंडले, तो माणूस सोनलने रचलेला होता. तिला एकदा समोर बसवून विचारल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

जानेवारीत सोनल गावी काकाच्या घरी लग्नाला आली, तेव्हा तेजसने त्याच्या शेतात भरीत पार्टी ठरवली. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टोपलीत होत्या. सोनल अंगाने भरली होती, बोलण्यात गुजराती आलं होतं. बसल्याबसल्या तेजसने सुरुवात केली, "तोबेई पयपुटा शे."

"आणि त्याचा जुळा भाऊ?" मी सोनलकडे बघत विचारलं.

"कोनता जुया भाऊ?" तेजस हसायला लागला.

सोनल वांगी उलटत होती. "तो मीच बनाडेल व्हता," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. लाइट आली की तिचे वडील, नाना, बातम्या लावत, आणि बातम्यांपुढे कोणाची बोलायची टाप नव्हती. ती चुलीपुढे भाकरी थापत, उद्या मला काय सांगायचं ते जुळवायची.

"मंग माले सांगं का नही?" मी विचारलं.

"शाळामा माले कोनी काही इचारे नही," सोनल म्हणाली. "तू रोज इचारे, 'मंग काय व्हयनं?'"

धुळ्याहून तयार करून आणलेलं माझं भांडण तिथेच संपलं. त्या पोरीला वर्गात कोणी शेजारी बसवून घेत नसे, हे मला आता आठवलं, आणि फार वाईट वाटलं.

"शेवटना भाग मी आजपावत देखा नही," सोनल म्हणाली. "भ्याव वाटे. तो परत येस ना?"

तेजसने तोंड उघडलं. इतक्या वर्षांचा वाद जिंकायची वेळ त्याच्यासमोर होती. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"परत येस," मी म्हटलं.

तेजसने सोललेली वांगी लाकडी बडगीत टाकली आणि ठेचायला घेतली. "येस," तो खाली बघून म्हणाला. "आनि जुया भाऊले बी संगे लई येस."

सोनलला कळायचं ते कळलं. ती हसली. तिने माझ्या भाकरीवर भरीत वाढलं, जवळ सरकून बसली आणि म्हणाली, "मंग काय व्हयनं?"

मी सांगायला लागले.