शेजाऱ्याच्या मिशा

स्विंग नावाच्या नाचऱ्या संगीतावर बंदी घालणाऱ्या आदेशावर आमच्या उपसंचालकांची सही होती, आणि त्या आदेशाखाली पहिल्यांदा आत गेली ती त्यांचीच सख्खी मोठी बहीण. सही मात्र वळणदार. माणूस कामाला चोख.

ताई हॉटेलात पियानो वाजवायची. स्विंगमध्ये ठोका वेळेवर पडत नाही; जरा रेंगाळून, डोळा मारून पडतो. ताईने थोरल्या साहेबांचं, म्हणजे आमच्या राष्ट्रप्रमुखांचं, संचलनगीत तसं वाजवलं. ज्या चालीवर अख्खा देश पाय आपटत होता, ती चाल कंबर हलवत, कोणाकडे तरी चहाला निघाल्यासारखी आली. लोक हसले. ताई बँडसकट चौदा महिने खाणीत दगड फोडत होती. पियानोवालीच्या हातात घण द्यायचा, एवढी एकच कल्पना आमच्या खात्याला आजवर सुचलेली आहे.

मग खात्याच्या लक्षात आलं, की पलीकडच्या देशात आपला रेडिओ कोणी ऐकतच नाही. ऐकतील कशाला? सकाळ-संध्याकाळ तेच संचलनगीत आणि थोरल्या साहेबांचं भाषण. तेव्हा ठरलं, की शत्रूसाठी वेगळं केंद्र काढायचं, त्यावर खुशाल स्विंग वाजवायचा, आणि शब्दांतून त्यांच्या अध्यक्षाची टर उडवायची. त्या अध्यक्षाला आमच्याकडे नुसतं 'शेजारी' म्हणतात. सरकारी वादकांना वाजवायला लावून पाहिलं. म्हाताऱ्याने पायऱ्या मोजत जिना उतरावा, तसा त्यांचा स्विंग. शेवटी ताईला आणि तिच्या बँडला बाहेर काढलं. अट एकच: एक जरी लेखी आक्षेप आला, तर ताई परत खाणीत. आक्षेपांची नोंदवही माझ्याकडे असते, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

पहिल्या तालमीला उपसंचालक जातीने हजर. ताईने सुजलेली पेरं चोळली आणि सुरुवात केली. गाण्यातला शेजारी बुटका, भाषणाला खोक्यावर चढणारा, मिशांना कलप लावणारा, आरशात स्वतःलाच सलाम ठोकणारा. ट्रंपेटवाल्याने मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप ट्रंपेटच्या तोंडावर धरला, आणि ट्रंपेट चक्क भाषण करू लागला. दर चौथ्या शब्दाला दम लागत होता. तो दम आम्ही रोज सकाळी आठला रेडिओवर ऐकतो.

उपसंचालकांचा चेहरा पडला. "ताई, हे काय आहे?"

"ऑफिसात एकमेकांना तुम्ही म्हणायचं, असं तूच ठरवलंस ना, छोट्या?"

"हे कोणावर आहे?"

"शेजाऱ्यावर. तुला कोण वाटला?"

त्यांनी माझ्याकडून आक्षेपाचा फॉर्म घेतला. रकाना चौथा: 'मजकुरातून कोणाचा अवमान होतो? पूर्ण नाव व पद लिहावे.' हा रकाना त्यांनी स्वतःच मोठ्या हौसेने घातलेला. पेन टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. शाईचा ठिपका पडला, नाव काही पडलं नाही. कोरा फॉर्म घेऊन ते संचालकांकडे गेले.

"मला तर शेजारीच वाटला बुवा," संचालक म्हणाले. "तुम्हाला कोण वाटला?"

सचिवांनाही शेजारीच वाटला. अर्ध्या तासात चार मजले झाले, एक शूर माणूस सापडला नाही, आणि गाणं मंजूर झालं.

पलीकडे ते किती चाललं, देव जाणे. इकडे मात्र लोक पडदे ओढून शत्रूसाठीचं केंद्र लावू लागले. थोरल्या साहेबांनीही ऐकलं आणि पोट धरून हसले. ओळखलं नाही. आरसा त्यांच्याकडे होता, पण सलामापुरता. हुकूम आला: वर्धापनदिनी सकाळी अकराला, सगळ्या खात्यांसमोर हेच गाणं वाजवा.

सभागृहात सहाशे खुर्च्या, पहिल्या रांगेत मधोमध साहेब. दोन कडवी झाली, हसणारे शून्य. साहेब मागे वळले. "का हो, शेजारी तुमचा मामा लागतो काय?"

मग हसणं भागच होतं. आधी नुसते दात दिसले. पण ट्रंपेटला दम लागला. ताई ठोका विसरल्यासारखी थांबली, तिने भुवई उचलली आणि तो हळूच ठेवून दिला. तिथे हुकमाचं हसू संपलं आणि खरं फुटलं. बायकांनी रुमाल तोंडात कोंबले. सेनापती खुर्चीचे हात धरून गदगदत होते. सहाशे माणसं एकाच माणसाच्या मानेकडे बघत हसत होती.

साहेबांचं हसू अर्ध्यावर थांबलं. हात मिशीवर गेला. बँड गप्प झाला. त्यांनी बोट वाकवून उपसंचालकांना बोलावलं.

"शेजाऱ्याला मिशी कुठाय?"

नव्हतीच. शेजारी जन्माचा गुळगुळीत. उपसंचालकांनी एकदा पियानोकडे पाहिलं. ताईचे हात पट्ट्यांवर तसेच होते. खरं बोलले असते तर ती खाणीत, आणि पाठोपाठ हेही.

"ठेवलीय, साहेब. नुकतीच."

"कलप?"

"लावतो, साहेब."

साहेबांनी मिशीवरचा हात काढला. खोटं म्हणावं, तर मग ती मिशी कोणाची हे सहाशे माणसांत स्वतःच सांगावं लागलं असतं. "नालायक," ते म्हणाले. कोणाला, ते म्हणाले नाहीत. "वाजवा पुढे."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत शेजाऱ्याला मिशी आली. भिंतींवरच्या चित्रांना मिशा काढायला रंगारी पाठवले. एका संपादकाने चुकून जुना फोटो छापला. तो आता दगड फोडतो. त्या आक्षेपाचा चौथा रकाना मात्र लगेच भरला गेला.

त्याच आठवड्यात ताई नवं कडवं घेऊन ऑफिसात आली. थोरल्या साहेबांच्या बंगल्यातला दिवा रात्रभर जळतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"छोट्या, शेजाऱ्याला अंधाराची भीती वाटते का रे?"

उपसंचालकांनी उठून दार लावलं, खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"अजून तरी नाही वाटत," ते म्हणाले. "कधीपासून वाटायला हवी?"